कोंडा, कोठा आणि पथ्य : झाडीपट्टीतल्या लेकरांच्या बद्धकोष्ठतेचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, लेकराले पाच दिस झाले, संडासच नाई होत जी. होते तवा रडते, पाय आखडते, भिताडाला धरून उभं राहते."

हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यात शब्द थोडेफार बदलून दर आठवड्याला ऐकायला मिळतं. लेकरू दीड ते तीन वर्षांचं असतं. पुढचा प्रश्न मी विचारतो, "खातं काय?" उत्तर बहुतेक वेळा असं येतं : "दूध पेते, भात खाते. बाकी काही देतच नाही. केळ बंद केलं, सर्दी होते म्हणून. डाळ बंद, पोट फुगते म्हणून. वांगं बंद, अंडं बंद, उष्ण पडते म्हणून."

म्हणजे पाच दिवसांच्या बद्धकोष्ठतेवर घरच्यांनी आधीच एक उपचार केलेला असतो. तो म्हणजे पथ्य. आणि बहुतेक वेळा तेच पथ्य आजाराला खतपाणी घालत असतं.

आधी एक कबुली देतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच करायचो. पोटाची कुठलीही तक्रार घेऊन लेकरू आलं की "हलकं खायला द्या, दूध-भात द्या" असं सांगून मोकळा व्हायचो. ते वाक्य कुठून आलं याचा विचार कधी केला नाही. पुढे तीच लेकरं आणखी घट्ट शी आणि आणखी कमी वजन घेऊन परत येऊ लागली, तेव्हा विचार करावा लागला. आजचा लेख त्यातूनच आला आहे. औषधाचं नाव शोधायला आला असाल तर तेही पुढे आहे. पण आधी थोडा इतिहास वाचा. लेकराच्या पोटात जे अडकलंय त्याची कारणं घरात, गिरणीत आणि आम्हा डॉक्टरांच्या सवयींतही सापडतात.

जंगलाचं ताट

गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी तो चंद्रपूरचाच भाग होता, आणि इंग्रजांच्या काळात सगळा मुलूख 'चांदा जिल्हा' म्हणून ओळखला जायचा. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा पूर्व भाग म्हणजे झाडीपट्टी. इथे कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर धान पिकत आलं आहे. ताटातला मुख्य पदार्थ भात, तो पूर्वीही होता आणि आजही आहे.

पण पूर्वीचा भात एकटा नसायचा. सोबत तुरीचं किंवा लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी असायची. पावसाळ्यात काटवलं आणि बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, तलावातली लहान मासळी, उन्हाळ्यात मोहफुलं, चार, टेंभरं, हिवाळ्यात बोरं, आवळे, सीताफळं. दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या डोंगरात माडिया लोकांकडे कोसरी-कुटकीसारखी बारीक धान्यं आणि त्यांची पातळ आंबील होती. भांडं भरून आंबील म्हणजे धान्याबरोबर भरपूर पाणीही पोटात जायचं.

लेकराच्या कोठ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. माडिया गोंडांमध्ये गायीचं दूध काढायची रीत नव्हती. गायीचं दूध वासराचं, असा साधा हिशेब होता. लेकरू दोन-तीन वर्षांपर्यंत आईच्या अंगावर पीत असे आणि त्याबरोबर घरचं खात असे. दूध-बिस्किटावर वाढणारं दोन वर्षांचं लेकरू ही या मुलखात अगदी अलीकडची गोष्ट आहे.

याचा अर्थ तेव्हा सगळं छान होतं असा अजिबात नाही. कुपोषण होतं, हिवताप होता, बाळं मरत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. जुन्या ताटाची आरती ओवाळायची गरज नाही. पण त्या ताटात चोथा होता, आणि तो पुढे हळूहळू निघून गेला. कसा, ते पाहू.

मुसळ गेलं, कोंडा गेला

धानाचा दाणा हातात घ्या. सगळ्यात बाहेर तूस असतं, ते आपण खात नाही. त्याखाली तांबूस-तपकिरी पातळ थर असतो, तो कोंडा. आत पांढरा पिठूळ भाग. उखळात मुसळाने कांडलं की तूस निघतं, पण कोंड्याचा बराचसा थर दाण्याला चिकटून राहतो. हलरमधून काढून पॉलिश केलं की तूस आणि कोंडा दोन्ही जातात आणि शुभ्र तांदूळ उरतो.

शुभ्र तांदळाचा धोका आधी लक्षात आला तो जावा बेटावर. ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाहिलं की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. बेरीबेरी या आजाराचं कोडं सुटायला तिथून सुरुवात झाली. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या शेजारी, वर्ध्यात, याच प्रश्नावर वेगळं काम झालं. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते आणि काम मगनवाडीतून चालायचं. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचं पीठ हे त्यांचे आवडते विषय. गिरणीमुळे कांडणाऱ्या बायकांचा रोजगारही जातो आणि दाण्यातला कसही जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतंत्र भारतात १९५८ साली तांदूळ गिरण्यांचं नियमन करणारा कायदाही आला. पण पहाटे उठून मुसळ चालवणं हे किती कष्टाचं काम आहे ते बाईलाच ठाऊक. गावात हलर आला तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पुढे रेशनचा तांदूळ आला. त्याने भूक भागवली, हे त्याचं ऋण मान्यच करायला हवं. पण तोही पांढराच.

आकड्यांत सांगायचं तर १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच ज्वारीत सुमारे दहा आणि नाचणीत सुमारे अकरा ग्रॅम. याचाच दुसरा अर्थ असा की ज्या घरात भाकरी आहे तिथे भाजी कमी पडली तरी लेकराचं निभतं. ज्या घरात फक्त भात आहे तिथे वरण, भाजी, फळ यांना सुट्टी दिली की कोठा लगेच अडतो. झाडीपट्टीत पथ्याचा फटका जास्त बसतो तो यामुळे.

पहिला उपाय : जुलाब

कोठा अडला तर काय करायचं, याचं सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे रेच देणे. आपल्या जंगलात ती औषधं उभीच होती. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा बहावा तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या शेंगेतला काळा गर चरकसंहितेने सौम्य रेचकांमध्ये श्रेष्ठ मानला आहे. हिरडा तर इथल्या जंगलाचं मोठं उत्पन्न. कातडी कमावण्यासाठी तो गाड्या भरभरून बाहेर जायचा आणि घरात सहाणेवर उगाळून बाळगुटीत पडायचा. एरंडेलाबद्दल वेगळं सांगायला नको. आजच्या आजी-आजोबांना विचारा, नाक दाबून पाजलेलं ते तेल त्यांच्या जिभेवर अजून आहे.

याशिवाय एक 'खालून' उपाय होता आणि आहे : विड्याच्या पानाचं देठ किंवा साबणाची कांडी तेलात बुडवून गुदद्वारात सरकवणे. शी होते, यात वाद नाही. पण तिथली नाजूक त्वचा सोलवटते, साबणाने आग होते, आणि लेकराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते : शी म्हणजे दुखणं.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण या वयातली बहुतेक बद्धकोष्ठता अशीच सुरू होते. एकदा घट्ट शी होते. दुखतं, कधी चीर पडते, रक्ताचा थेंब दिसतो. पुढच्या वेळी कळ आली की लेकरू ती दाबून धरतं. पाय आखडतं, टाचा उचलतं, कोपऱ्यात जाऊन भिंत धरतं. आईला वाटतं, बिचारं जोर लावतंय. खरं तर ते जोराने रोखत असतं. रोखलेली शी आत कोरडी होते, मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखते. आतडं ताणलं जातं आणि कळच कमी येऊ लागते. काही लेकरांत मग साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते, चड्डी खराब होते, आणि घरचे जुलाब समजून खाणं आणखी कमी करतात!

अधूनमधून दिलेला जोरदार रेच त्या दिवसापुरतं पोट रिकामं करतो. भीती तशीच राहते, उलट मुरड्याने ती वाढते.

बाळगोळीचा काळा अध्याय

जुलाबाच्या अगदी उलट काम करणारी एक वस्तूही आपल्याकडे घरोघरी होती, ती म्हणजे अफू. कामावर जाणाऱ्या आया बाळ निजून राहावं म्हणून अफू घातलेली बाळगोळी देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगार बायकांमध्ये ही चाल किती सर्रास होती, याच्या नोंदी त्या काळच्या आरोग्य अहवालांत आहेत. अफूने बाळ झोपतं, पण आतड्याची हालचालही झोपते. म्हणजे रात्री बाळगोळी आणि सकाळी एरंडेल, असं चक्र. काही बाळं त्या झोपेतून उठली नाहीत.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर पुढची ऐका. १९८४ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात एक तान्हं बाळ शिशाच्या विषबाधेने दगावलं. कारण निघालं पचनासाठी दिलं जाणारं भारतीय घरगुती औषध. पोटदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या आणि शिसं सापडण्याचा धोका असलेल्या अशा औषधांच्या यादीत पुढे 'बाळगोळी' हे नावही आलं. आणि गंमत म्हणा की दैव, शिशाच्या विषबाधेचं एक ठळक लक्षण बद्धकोष्ठता आणि पोटदुखी हेच आहे.

म्हणून आठवडी बाजारातली बिनलेबलची गोळी, भुकटी, चाटण लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि एक वर्षाखालच्या बाळाला गुटीबरोबर मधही नको. मधातून क्वचित एक गंभीर जंतुविष बाधू शकतं, आणि त्याचं पहिलं लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठता असतं.

दुसरा उपाय : खाणं बंद

आता पथ्याकडे वळू. पथ्याला नावं ठेवायची नाहीत. काही आजारांत पथ्य हाच उपचार असतो, आणि त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

१८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी लहान मुलांच्या एका आजाराचं नेमकं वर्णन लिहिलं : पोट फुगलेलं, अंग सुकलेलं, शी खराब. आज आपण त्याला सिलिअॅक आजार म्हणतो. हे मूल बरं होणारच असेल तर ते आहारानेच, असं त्यांचं मत होतं. पण कुठल्या आहाराने, ते त्यांना सापडलं नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी भाकर-ब्रेड, बटाटा, सगळी धान्यं बंद करून केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं सुधारली! पुढे जवळपास पाव शतक सगळ्यांना वाटत राहिलं की जादू केळ्यात आहे.

खरं कारण हॉलंडच्या विल्लेम डिके यांनी शोधलं. गव्हावर त्यांचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, गहू मिळेनासा झाला. बाकी देश खंगत असताना सिलिअॅकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला. बंद करायचा होता तो फक्त गहू आणि त्याच्या जवळची जव-राय ही धान्यं. इतकी वर्षं मुलांना बटाटा, भात, मका यांपासून उगाच लांब ठेवलं होतं.

यातून आपण घ्यायचा धडा असा : पथ्य हे नेमकं हवं. कशाचं, कशासाठी, किती दिवस, आणि त्या बदल्यात काय द्यायचं, या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर ते पथ्य नाही, ती उपासमार आहे.

दुधाचंही तसंच. १९९८ मध्ये इटलीतल्या पालेर्मोच्या डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या ६५ लहान मुलांवर एक अभ्यास केला. काही दिवस गायीचं दूध, काही दिवस सोयाचं दूध. ६५ पैकी ४४ मुलांचा कोठा सोया दुधावर सुधारला, गायीच्या दुधावर एकाचाही नाही. याचा अर्थ सगळ्या मुलांचं दूध बंद करा असा नाही. ती निवडक, हट्टी आजाराची मुलं होती. आजची शिफारस अशी आहे की नीट औषधोपचार करूनही फरक पडत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध थांबवून पाहावं, फरक नसेल तर परत सुरू करावं. मात्र ज्या लेकराचं पोट दिवसाकाठी लिटरभर दुधानेच भरतं, त्याला भूकच उरत नाही. तिथे दूध अर्ध्या लिटरच्या आत आणणं हा पहिला उपाय.

चोथ्याचा शोध, आणि त्याची मर्यादा

१९७२ साली डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने एक साधी गोष्ट मोजली : शी. युगांडाच्या खेड्यांतली माणसं दिवसाला सुमारे ४७० ग्रॅम शी करत आणि खाल्लेलं साधारण दीड दिवसात बाहेर येई. इंग्लंडच्या नौदलातल्या तरुणांची शी सुमारे १०० ग्रॅम आणि वेळ तीन दिवसांहून जास्त. फरक ताटातल्या चोथ्याचा, असं बर्किट यांनी मांडलं आणि जगभर कोंड्याला प्रतिष्ठा मिळाली. मगनवाडीत तीसेक वर्षांपूर्वी कोंड्याची बाजू घेणाऱ्यांना यात नवल वाटलं नसतं.

पण इथे एक मेख आहे. चोथा बद्धकोष्ठता टाळायला मदत करतो. आत आधीच दगडासारखा गोळा बसला असेल तर वरून इसबगोल आणि कोंडा भरून उपयोग होत नाही. वाहतूक अडलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडण्यासारखं ते आहे. आधी रस्ता मोकळा करायचा, मग चोथा.

सगळे चुकीच्या जागी बघत होते

१८८६ मध्ये कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी जन्मापासून बद्धकोष्ठता असलेली आणि त्यातच दगावलेली दोन बाळं वर्णन केली. त्यांचं मोठं आतडं प्रचंड फुगलं होतं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, आजार फुगलेल्या भागात आहे. शल्यक्रिया तिथेच होत राहिल्या. १९४८ मध्ये ऑर्व्हार स्वेन्सन यांनी उलट दाखवून दिलं : फुगलेला भाग धड असतो, दोष त्याच्या खालच्या, अरुंद, साध्या दिसणाऱ्या तुकड्यात असतो. तिथे मज्जापेशीच नसतात. तो तुकडा काढला की मूल बरं होतं.

हा आजार दुर्मीळ आहे, पण तो ओळखण्याची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे : जन्मानंतर पहिली काळी शी कधी झाली? बहुतेक निरोगी बाळांना ती २४ तासांत होते. ४८ तास उलटून गेले असतील तर तपास हवाच.

हा प्रश्न विचारायला गावात कुणीतरी हवं, आणि त्या बाबतीत आपला जिल्हा जगाच्या पुढे राहिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०११ मध्ये आशा ताईंच्या घरभेटींच्या रूपाने ते देशभर गेलं. २०१८ पासून बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंतच्या भेटीही त्यात जोडल्या गेल्या. आशा ताई वरच्या खाण्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांना शीबद्दलही मोकळेपणाने सांगा. लाजायचं काही कारण नाही.

आज आपण काय करतो

आजच्या उपचारामागचा विचार जुलाब आणि उपास या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. शी इतकी मऊ ठेवायची की लेकरू दुखणं विसरेल, आणि इतके दिवस ठेवायची की ताणलेलं आतडं मूळ पदावर येईल.

यासाठीचं एक औषध लॅक्ट्युलोज. त्याचा उगमही गोड आहे. १९५७ मध्ये ऑस्ट्रियाचे पेट्युली बाटलीच्या दुधावरच्या बाळांच्या आतड्यात आईच्या दुधावरच्या बाळांसारखे चांगले जंतू कसे वाढतील, हे शोधत होते. त्यातून ही साखर पुढे आली, आणि ती शी मऊ करते हेही दिसलं. दुसरं औषध पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर, जी आतड्यात पाणी धरून ठेवते. एक वर्षावरच्या मुलांत आज हीच पहिली पसंती आहे, वर्षाखाली लॅक्ट्युलोज. आपल्या देशातल्या बालपोटविकार तज्ज्ञांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

पालकांच्या दोन चुका नेहमी होतात. पहिली, "सवय लागेल" म्हणून चार दिवसांत औषध बंद करणं. ही औषधं किमान दोन महिने लागतात. महिनाभर त्रास नसेल तरच हळूहळू कमी करायची. यांची चटक लागत नाही. दुसरी, साचलेला गोळा आधी न काढता थेट छोटा डोस सुरू करणं. पोट तपासून डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम, ते दुकानातून विचारून करू नका. पातळ पॅराफिनची जुनी बाटली घरात असेल तर लहान मुलाला पाजू नका, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पथ्य असतानाच कोठा कसा सांभाळायचा

दोन वर्षांवरच्या मुलासाठी सोपा हिशेब आहे : वय अधिक पाच, इतके ग्रॅम चोथा रोज. तीन वर्षांच्या लेकराला आठ ग्रॅम. दिवसभरात ८० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर त्यातून दोन ग्रॅम मिळतात. २० ग्रॅम मूगडाळीतून जवळपास दोन. अर्ध्या पेरूतून तीनच्या आसपास. चमचाभर वाटलेल्या जवसातून एक. झाले आठ! बाहेरून काहीच आणावं लागलं नाही.

* गहू बंद असेल (सिलिअॅक) तर : नुसत्या भातावर ठेवू नका. ज्वारी, नाचणी, मका, कोसरी-कुटकी सगळं चालतं. पीठ मात्र गहू दळलेल्या गिरणीतून आणू नका, घरी दळा किंवा गिरणीवाल्याकडून जातं साफ करून घ्या. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो, तेही पाहा. आणि रक्ततपासणी होण्याआधी स्वतःहून गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी खोटी निघू शकते.
* दूध बंद असेल तर : कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील, तीळ, काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी. बिस्किटांत दुधाची पावडर असते, हे विसरू नका.
* घरच्यांनीच बंद केलेलं सगळं (केळ, डाळ, अंडं, भाजी) एकेक करून परत सुरू करा. अंगणवाडीतून मिळणारं अंडं किंवा केळ लेकराच्याच पोटात जाऊ द्या.
* सिकलसेल असेल तर : खाण्याचं पथ्य नाही, पण पाणी कमी पडता कामा नये. पोटदुखी दरवेळी कोठ्याचीच असते असं समजू नका, लगेच दाखवा.
* बैठक : जेवणानंतर पाच-दहा मिनिटं उकिडवं बसवा, आतडी त्या वेळी आपसूक हलतात. खुर्चीच्या भांड्यावर पायाखाली पाट द्या. अंधाऱ्या संडासाची भीती वाटत असेल तर दिवा लावा, सोबत बसा. झाली नाही म्हणून रागावू नका.

हे दिसलं तर वाट पाहू नका

पहिली शी ४८ तासांनंतर झाली होती. बद्धकोष्ठता पहिल्या महिन्यातच सुरू झाली. पोट टम्म फुगलंय आणि हिरवी उलटी होतेय. वजन वाढत नाही. चिरेशिवाय शीतून रक्त जातंय. पायात जोर कमी वाटतो किंवा कमरेच्या मणक्यावर खळगा-केसांचा पुंजका आहे. लेकरू फार सुस्त आहे, वाढ खुंटली आहे. यापैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि तपासणी करून घ्या.

दीडशे वर्षांच्या या गोष्टीत लेकराच्या कोठ्यावर आपण कधी जोर केला, कधी त्याचं ताट रिकामं केलं. दोन्हींमागे मायाच होती. पुढच्या वेळी कुणी "हे बंद करा" म्हणालं, मग ती सासूबाई असोत, शेजारीण असो की माझ्यासारखा डॉक्टर, तर एकच प्रश्न विचारा : "बरं, आणि त्याऐवजी काय देऊ?" उत्तर मिळालं नाही तर ताटातलं काही काढू नका.